टेपला ओठ नसतात

सुरतेच्या लिंबायतमधल्या उखाच्या घरात एक नियम होता. बोलायचं ते तोंड दाखवून बोलायचं. पाठमोरं बोललेलं, पदराआडून बोललेलं, खाली मान घालून भाकरी थापता थापता बोललेलं त्या घरात धरलंच जात नसे. अर्धं आयुष्य साच्यांच्या गदारोळात काढून उखाचे कान केव्हाच कामातून गेले होते. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे ते भिंतींनाच उरलेत, असं त्याची बायको प्रमिलाबाई म्हणायची आणि वर स्वतःच हसायची. उखा तिचे ओठ वाचून तिच्यानंतर हसायचा.

यात त्याला कमीपणा काही वाटत नव्हता. सुरतेत पॉवरलूमला साचा म्हणतात आणि साच्यांच्या कारखान्याला खातं. खात्यात सगळे साचे एकदम धडधडायला लागले, की शेजाऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडणंसुद्धा फुकट. तिथे सगळा कारभार ओठांवर चालतो. दोन रांगा सोडून उभ्या असलेल्या माणसाला नुसते ओठ हलवून शिवी देता येते, आणि तो ती तिथूनच व्याजासकट परत करतो. तिथे सोयरिकी जमतात, भांडणं होतात, सेठची नक्कल होते, आणि यातला एक शब्द कुणाच्या कानावर पडत नाही. या विद्येत उखाचा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता. तोंडात तंबाखूची गोळी असो, मिशी ओठांवर आलेली असो, माणूस तिरका उभा असो, उखा वाचायचा. फक्त प्रमिलाबाईपुढे त्याची मात्रा चालत नसे. भांडण जिंकायचं झालं की ती सरळ पाठ फिरवायची, आणि मग उखा भिंतीशी भांडत बसायचा.

चौऱ्याण्णव साली प्लेग आला तेव्हा मात्र उखा खरा बहिरा झाला. निम्मी गल्ली गाठोडी घेऊन खानदेशात पळाली आणि उरलेल्यांनी नाकातोंडाला रुमाल बांधले. सगळ्या सुरतेचे ओठ एका रात्रीत दिसेनासे झाले. उखा दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डोळे बघायचा आणि त्याला काही म्हणजे काही कळायचं नाही. त्या दिवसांत त्याचा मोठा मुलगा योगराज तेवढा त्याच्यासमोर आला की रुमाल खाली ओढायचा आणि मगच बोलायचा. आई ओरडायची, मरशील म्हणायची. योगराज रुमाल खाली ओढूनच सांगायचा, की आबा, आज खातं बंद आहे. उखा ते कधी विसरला नाही. पण बापाने असलं काही मुलाला बोलून दाखवावं अशी पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

योगराज आता भाड्याची रिक्षा चालवायचा. साच्यावर दोन वर्षं काढून त्याने हात जोडले होते. रिक्षा चालवताना, जेवताना, नळावर हंडा भरताना त्याचे ओठ सारखे हलत असत, आणि उखाला त्या हलणाऱ्या ओठांचा काही पत्ता लागत नसे. शब्द फार भरभर जात. घटकेत अहिराणी, घटकेत हिंदी, मध्येच एखादा गुजराती, जणू एकाच तोंडात तीन माणसं भांडत होती. पोराला बाहेरचं लागलं की काय, अशी शंकाही उखाने एकदा काढली होती. धाकटी चंचल कॉलेजात जायची. तिने समोर बसून समजावलं, की याला रॅप म्हणतात, टीव्हीवर दाखवतात, चाल नसते, ताल असतो, आणि आपलं आपण जगलेलं बोलायचं असतं. उखाने विचारलं, मग ते गाणं आहे की भांडण? चंचल म्हणाली, दोन्ही.

मग एक दिवस योगराज आपल्या दोस्ताला, भूपेंद्रला, घेऊन खात्यावर आला. भूपेंद्रचं डिंडोलीकडे कॅसेटा भरून देण्याचं दुकान होतं. दोघांनी एका काठीला माइक बांधला, त्यावर मोजा चढवला आणि ती काठी उखाच्या साच्यापुढे धरून बराच वेळ उभे राहिले. सेठला ते वीजबोर्डाचे लोक वाटले आणि त्याने त्यांना चहा पाजला. उखाला काडीचा उलगडा झाला नाही. आपला मुलगा कामधंदा सोडून मोज्याने आवाज पकडतोय, एवढंच त्याला दिसलं.

श्रावणात कॅसेट आली. ‘मन्ही गल्ली’. वर योगराजचा फोटो, काळा चष्मा लावलेला, मागे त्यांचीच गल्ली, तीच गटार, तोच नळ, आणि कोपऱ्यात वाळत घातलेलं प्रमिलाबाईचं हिरवं लुगडं. उखाने ती डबी हातात घेतली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. फोटो त्याने लग्नातले पाहिले होते, मेलेल्यांचे पाहिले होते. आपली गटार छापून येते आणि लोक ती विकत घेतात, हे त्याच्या बापजन्मात घडलं नव्हतं. त्याला गटारीबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर वाटला.

आणि लोक खरंच घेत होते. लिंबायतमध्ये ज्या रिक्षात बसावं तिथे ‘मन्ही गल्ली’. पानाच्या गादीवर, सलूनमध्ये, कानबाई देवीच्या मिरवणुकीत हातगाडीवर बांधलेल्या भोंग्यातसुद्धा. चलथाणच्या साखर कारखान्यावर ऊस उतरवणारे लोक ट्रकमध्ये तीच लावतात, असं कुणीतरी सांगितलं. उखा हे सगळं बघायचा. पानवाल्यापुढे माणसं टेपभोवती उभी आहेत, माना हलतायत, एकाने डोळे मिटलेत, एक जण ढसढसा रडतोय. पन्नास माणसांना काहीतरी ऐकू येत होतं आणि ते त्याच्या घरातून निघालं होतं. आणि उखा त्यांच्या मधोमध उभा राहून टेपच्या जाळीकडे बघत होता. माणूस कोणीही असो, उखा त्याचे ओठ वाचू शकत होता. टेपला ओठ नसतात.

एका दुपारी घरी कुणी नसताना त्याने टेप लावला आणि जाळीवर हात ठेवला. पहिल्यांदा नुसती मुंग्यांसारखी थरथर आली. मग तिच्यात पाऊल उमटायला लागलं. धड, धड, ध-धड. डावीकडे जरा जड, उजवीकडे हलकं, आणि चौथ्या ठोक्याला किंचित लंगडं. ही चाल तो ओळखत होता. हा त्याचाच साचा होता. डाव्या बाजूने धोटा फेकणारा दांडा झिजला होता, म्हणून तो साचा वर्षानुवर्षं असाच लंगडत होता, आणि उखाच्या पायांना त्याची इतकी सवय झाली होती की तो रस्त्यानेसुद्धा त्याच तालात चालायचा. त्या मोज्याने हे पकडलं होतं तर. लोक ज्यावर माना हलवत होते, ते त्याचं रोजचं काम होतं. तो जमिनीवर बसला आणि लहान मुलाच्या छातीवर ठेवावा तसा हात त्या खोक्यावर ठेवून बसून राहिला. कॅसेटची बाजू संपली तेव्हा त्याला ते कळलं, कारण खोकं गप्प झालं.

पण ताल कळला म्हणून शब्द थोडेच कळतात? संध्याकाळी त्याने प्रमिलाबाईला विचारलं, की पोरगा बोलतो तरी काय त्यात. ती म्हणाली, गल्लीचं बोलतो, प्लेगचं बोलतो, दारूच्या अड्ड्याचं, नळावरच्या भांडणांचं. आणखी काय, त्याने विचारलं. तिने पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. आता ती भांडत तर नव्हती, मग पाठ कसली फिरवली? उखाच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी खात्यात हिलालने ती शंका फेडली. हिलाल उखाच्या पलीकडच्या साच्यावर, त्याच्याच तालुक्यातला, तोंडाने फाटका. साच्यांच्या धडधडीत त्याने उखाकडे बघून सावकाश, एकेका शब्दाला ओठ उघडत सांगितलं, "तुन्ही झापड बजारमा उनी, उखा."

झापड म्हटल्यावर कुठली, हे विचारायची उखाला गरज पडली नाही. आयुष्यात एकच होती. योगराज तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. गल्लीतला दारूचा अड्डेवाला आपल्या देशी दारूच्या थैल्या लोकांच्या घरामागे लपवून ठेवायचा. उखाच्या घरामागे ठेवल्या तेव्हा उखाने त्या उचलून भर रस्त्यात नेऊन ठेवल्या. अड्डेवाला आला आणि नळावरच्या सगळ्या रांगेसमोर त्याने उखाच्या कानफटात मारली. टोपी उडाली. उखा वाकला, टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि पाळीवर निघून गेला. दारात योगराज उभा होता. त्या दिवसापासून आजपर्यंत घरात त्या गोष्टीचं नाव कुणी काढलं नव्हतं. अड्डेवाला पुढे दारूनेच मेला, गल्ली विसरली, आणि उखाला वाटलं होतं की पोरगाही विसरला असेल. आणि त्या पोराने ती कॅसेटवर भरली होती. आता ती चलथाणपर्यंत वाजत होती.

बहिऱ्या माणसाचा राग फार वाईट. तो बोलणं टाकत नाही, बघणं टाकतो. उखाने योगराजच्या तोंडाकडे बघणं बंद केलं. योगराज समोर आला की तो छताकडे बघे, ताटाकडे बघे, कॅलेंडरवरच्या देवाकडे बघे. योगराज पुढ्यात येऊन बसला, तर हा डोळे मिटून घेई. पालथ्या घड्यावर पाणी. प्रमिलाबाईने दोघांमध्ये बोलून पाहिलं, चंचल रडली. भूपेंद्रने कॅसेटा परत आणायची तयारी दाखवली, पण वाऱ्यावर गेलेलं परत कसं आणणार? योगराज वाळला. रिक्षा उभी करून गल्लीच्या तोंडाशी बसून राहायचा. लोक येऊन त्याची पाठ थोपटायचे आणि त्याचं लक्ष घराच्या दाराकडे असायचं. साऱ्या लिंबायतने ऐकलं होतं आणि ज्याच्यासाठी बोलला तोच बघत नव्हता.

उखालाही काही सुख नव्हतं. एक मन म्हणे, पोराने अब्रू चव्हाट्यावर मांडली. दुसरं मन त्या खोक्यातल्या ठोक्यापाशी जाऊन बसे. झापडेचं गाणं करायचं होतं, तर त्याला माझाच साचा कशाला हवा होता? हे त्याला रात्रंदिवस कुरतडत होतं. विचारायचं, तर पोराच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं. आणि त्याच्या ओठांवर ‘मन्हा बाप भ्याना’ असं काही वाचावं लागलं, तर पुढे जगायचं कसं, हे त्याला समजत नव्हतं. तो रागावला होता हे खरंच, पण त्याहून जास्त तो घाबरला होता.

मग एके दिवशी भरदुपारी, पाळी ऐन रंगात असताना, योगराज खात्यात शिरला. घरात त्याचं काही चाललं नव्हतं, पण साच्यावर दोन वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती. चालत्या साच्यावरून कारागिराला डोळे काढता येत नाहीत. धागा कधी तुटेल नेम नसतो, आणि तुटलेला दिसला नाही की कापड वाया जातं. योगराज उखाच्या साच्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, बरोबर त्याच्या नजरेसमोर. मध्ये ताण्याचे पांढरे धागे पसरलेले आणि त्यावर पोराचं तोंड. उखाने मान वळवली आणि त्याला लगेच परत आणावी लागली. साचा सोडून बघणार कुठे?

योगराजने एकदा पायाने ताल धरला, त्या लंगड्या चौथ्या ठोक्यासकट, आणि तोंड उघडलं. आवाज काढला नाही. काढून उपयोगही नव्हता. नुसते ओठ, स्वच्छ, सावकाश, खात्यात बोलतात तसे.

*मन्हा बापले झापड बसनी, मी दखं.*
*आख्खी गल्ली चूप व्हती, मी दखं.*
*टोपी उचली, झटकी, डोकावर ठेयी,*
*लोक म्हनेत, उखा भ्याना. मी दखं.*

आलाच शेवटी तो शब्द. पण पोराचे ओठ थांबले नव्हते.

*मी डबा लिसन मांगे मांगे गवू,*
*खाताना दारमा हुभा ऱ्हायनू, मी दखं.*
*धागा तुटना, हात कापत व्हता,*
*तरी गाठ मारी, साचा चालू कया. मी दखं.*
*मारनारानी एकदाव हात उचला,*
*मन्हा बापनी दिनभर.*

पोरगा मागून आला होता, हे उखाला आजवर माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं की पोराने झापड बघितली आणि बापाबद्दलचं सगळं तिथेच संपलं. आणि हा इवलासा पोरगा हातात डबा घेऊन खात्याच्या दारापर्यंत आला होता, आणि त्याने कापणारा हात पाहिला होता, गाठ पाहिली होती. जे खुद्द उखाने कधी पाहिलं नव्हतं, कारण स्वतःच्या कामाकडे कोण बघतं, ते या पोराने सांभाळून ठेवलं होतं आणि गावभर वाटलं होतं. म्हणून त्याला हाच साचा हवा होता. उखाला आपल्याच मुलाकडे बघताना देवळात उभं राहिल्यासारखं झालं.

भोवतालचं खातं सगळं वाचत होतं. त्या माणसांनी ही कॅसेट शंभरदा ऐकली होती, पण ती अशी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच जागी, बिनआवाजाची कुणी बोलली नव्हती. हिलालचा धागा तुटला, त्याने साचा उभा केला, आणि गाठ मारली नाही. मग कुणी हात घालून आपला साचा बंद केला, मग पलीकडच्याने. रांग रांग करत खातं थांबत गेलं. उखाच्या पायांना फरशीची थरथर कमी होताना समजत होती. शेवटी त्याचा एकट्याचा साचा उरला, लंगडत चाललेला, आणि त्यावर योगराजचं शेवटचं कडवं.

*आबा तोंड उघडीसन बोंबलत व्हता, मी दखं.*
*साचास्ना आवाजमा कोनले आयकू उनं नही.*
*ओठ हालनात, माले वाचता उनं नही.*
*आबा, तू तठे काय बोलना?*

आणि तो थांबला. कॅसेटसुद्धा इथेच थांबते. पुढे नुसता साचा चालत राहतो आणि बाजू संपते. उखा काय बोलला असेल, यावर पानाच्या गादीवर पैजा लागत होत्या हे उखाला मागाहून कळलं. कुणी म्हणे शिवी दिली असेल, कुणी म्हणे कानबाईचा धावा केला असेल. प्रमिलाबाईने पाठ फिरवली होती ती याच ओळीमुळे, कारण तिलाही ते माहीत नव्हतं.

त्याच वेळी धागा तुटला. उखाने सवयीने साचा उभा केला. पायाखालची फरशी इतकी गप्प झाली, की उखाला तिचा गारवा जाणवला. खात्यात आता सुई पडली तरी ऐकू जाईल, हे त्याला कळत होतं. बोललो तर सगळ्यांना ऐकू जाईल. इतकी वर्षं जे त्याने साच्यांच्या आवाजाखाली पुरून ठेवलं होतं, ते झाकून ठेवायला आता काहीच शिल्लक नव्हतं.

तो मोठ्याने बोलला. गदारोळावर मात करायची सवय असलेला, वर-खाली न होणारा, चिरका आवाज. खात्याच्या पत्र्यापर्यंत गेला.

"मन्हा पोऱ्यानी दखं," उखा म्हणाला. "हाईच बोंबलत व्हतू. मारं त्यानं काही नही. मन्हा पोऱ्यानी दखं."

हिलालने टोपी काढून हातात घेतली. योगराजने दोन्ही हात ताण्याच्या धाग्यांवर टेकले, जे कुणी कारागीर कधी करत नाही, आणि त्याला ते सुचलंही नाही. पोराने पाहिलं ही जी एक गोष्ट बापाला जाळत होती तीच त्याने ओळींच्या शेवटी पुन्हा पुन्हा घातली होती, अभिमानाने, आणि दोघांनाही ते आज कळत होतं. त्याचं तोंड पार वेडंवाकडं झालं होतं, आणि उखाने त्यावरून नजर काढली नाही.

मग उखाने खाली वाकून तुटलेलं टोक शोधलं. हात कापत होता. गाठ मारली. मूठ ओढली आणि साचा धडधडायला लागला, डावीकडे जड, उजवीकडे हलका. त्याने पोराकडे मान वर केली आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाला,

"आखो एकदाव म्हन. पहिलापासून."